नेत्रगत सार्कॉइडोसिस : रोगप्रतिकारक पेशींचा प्रतिसाद

सार्कॉइडोसिस हा फुप्फुसे, लसीका ग्रंथी, त्वचा अशा अनेक अवयवांत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहातील पेशींच्या घट्ट सूक्ष्म गाठी, उत्पन्न करणारा विकार असून त्याचे मूळ कारण अद्याप अज्ञात आहे. डोळ्यात त्याचा मुख्य आघात युव्हिआवर, म्हणजे बुबुळाचा रंगीत पडदा व त्यामागे दृष्टिपटलाला बाहेरून वेढणारे रक्तवाहिन्यांचे पटल यांवर होतो. या दाहास युव्हिआयटिस म्हणतात. ताप, कानापुढील लाळग्रंथींची सूज आणि युव्हिआयटिस एकत्र आढळणाऱ्या रुग्णांचे वर्णन डॅनिश नेत्रवैद्य क्रिस्तियान हेर्फोर्ट यांनी १९०९ मध्ये केले, मात्र त्यांनी त्याचा संबंध गालगुंडाशी जोडला होता.

या दाहाच्या केंद्रस्थानी सीडी४ जातीच्या टी-पेशी असतात. प्रतिजन, म्हणजे प्रतिकारसंस्थेला चेतवणारा घटक, समोर आला की त्या इंटरफेरॉन-गॅमा व इंटरल्युकिन-२ ही संदेशवाहक प्रथिने स्रवतात, त्यामुळे महाभक्षी पेशी चेतून टीएनएफ-आल्फा सोडतात, आणि त्यांतील काही चपट्या होऊन एकमेकींना बिलगतात, तर काही एकजीव होऊन बहुकेंद्रकी महापेशी बनतात. अशा पेशींचे पुंजके पारपटलाच्या आतल्या पृष्ठभागावर चिकटले की स्लिट लॅम्पखाली ते चरबीच्या थेंबांसारखे दिसतात.

या विकाराचे सर्वांत विलक्षण अंग म्हणजे पेशींची विषम वाटणी. डोळ्यातील काचाभ द्रवात सीडी४ पेशींचे सीडी८ या दुसऱ्या जातीच्या टी-पेशींशी असलेले प्रमाण बरेच वाढलेले आढळते, फुप्फुसे धुऊन काढलेल्या द्रवात ते ३.५ च्या वर जाणे हे निदानास पूरक मानले जाते, आणि त्याच रुग्णाच्या रक्तात मात्र लिंफोसाइट पेशी अनेकदा कमी भरतात व क्षयासाठीच्या ट्युबर्क्युलिन चाचणीला त्वचा प्रतिसादच देत नाही. पेशी रोगग्रस्त जागी एकवटल्याने रक्तात त्यांची उणीव भासते, हे स्पष्टीकरण ग्राह्य असले तरी अपुरे आहे, कारण दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशीही या रुग्णांत वाढलेल्या दिसतात आणि तरीही टीएनएफचा स्राव पुरेसा थोपवू शकत नाहीत.

भारतात या विसंगतीला विशेष महत्त्व आहे. क्षयरोगही डोळ्यात ग्रॅन्युलोमा करतो आणि दोहोंची बाह्य चिन्हे पुष्कळदा सारखीच असतात. क्षयाच्या ग्रॅन्युलोमात मध्यभागी पेशी मरून चिजासारखा लगदा होतो, सार्कॉइडोसिसमध्ये बहुधा होत नाही, पण डोळ्यातून ऊतीचा तुकडा काढणे क्वचितच शक्य असते. म्हणूनच क्षयरोधक बीसीजी लस घेतलेल्या रुग्णात ट्युबर्क्युलिन चाचणी नकारात्मक येणे हा, छातीच्या चित्रणाबरोबर विचारात घेतल्यास, उपयुक्त पुरावा ठरतो.

उपचारांत स्टेरॉइड व मेथोट्रेक्सेट यांच्या जोडीला टीएनएफला अडवणारे अ‍ॅडालिमुमॅब वापरले जाते. टीएनएफ हेच प्रथिन सुप्त क्षयजंतूंभोवतीचा ग्रॅन्युलोमाही टिकवून धरत असल्याने, हे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी अनिवार्य समजली जाते.