मुंग्या, फ्रीज आणि चुकीचं लेबल

परवा शनिवारी साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या. आईने फोनवर उपाय सांगितला, "तासभर फ्रीजमध्ये ठेव." ठेवला. तासाभराने बघतो तर सगळ्या निपचित. मेल्या बिचाऱ्या, असं म्हणून चहा टाकला. चहा उकळेपर्यंत एकीने पाय हलवला आणि बघता बघता सगळी पलटण ओट्यावर!

म्हणजे मेल्या नव्हत्या, 'हँग' झाल्या होत्या. थंडीत किड्याच्या शरीरातले सोडियम-पोटॅशियम सांभाळणारे पंप मंदावतात, पोटॅशियम रक्तात साचतं आणि स्नायू ऐकेनासे होतात. ऊब मिळाली की पंप पुन्हा जोर धरतात, हिशोब जुळतो, किडा उठतो. फार वेळ थंडीत राहिला तर मात्र उठत नाही.

पण ही झाली फ्रीजची थंडी. रक्त गोठवणाऱ्या थंडीचं काय?

या प्रश्नाने सोफियातल्या पोर्फिरी बाखमेत्येव या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला झपाटलं होतं. तो किड्याच्या अंगात तापमान मोजणारी बारीक सुई खुपसून त्याला गार करत जायचा. पारा शून्याखाली गेला तरी बर्फ नाही! मग उणे दहाच्या आसपास तापमान एकदम उसळी मारून उणे दीडवर यायचं. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, तीच ही उसळी. १९०१ साली त्याने यावर पुस्तक काढलं. जगणं थांबवून पुन्हा सुरू करता येईल, हे त्याचं स्वप्न. त्यापायी वटवाघळंही गोठवून झाली. १९१३ मध्ये तो गेला, स्वप्न तसंच राहिलं.

पुढचा धागा सापडला तो चक्क चुकून. १९४९ साली लंडनमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स कोंबड्याचे शुक्राणू गोठवून जगवायला बघत होते. एका बाटलीतल्या द्रावणाने जमलं. लेबल होतं फळांतल्या साखरेचं, आत निघालं ग्लिसरॉल! बग सापडावा आणि तोच फीचर ठरावा, तसं.

१९५७ मध्ये कॅनडात सॉल्ट या शास्त्रज्ञाला तेच ग्लिसरॉल थंडीत तगणाऱ्या किड्यांच्या अंगात मिळालं. त्याने अभ्यासलेली ब्रॅकॉन सेफी या इवल्या परजीवी गांधीलमाशीची अळी तर उणे ४७ अंशांपर्यंत न गोठता राहते. आपल्याला चुकीच्या लेबलमुळे कळलेली युक्ती ती अळी दर हिवाळ्याआधी गुपचूप वापरत होती.

मला यातलं 'आधी' महत्त्वाचं वाटतं. थंडी अंगावर आल्यावर धावाधाव करून भागत नाही, तयारी शरद ऋतूतच लागते. (डेडलाइनच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लिहून ठेवावं.)

असो. उठलेल्या मुंग्यांना परत फ्रीजमध्ये कोंबायचा धीर झाला नाही. आईला पुन्हा फोन केला.

"मग उन्हात ठेव ना," ती म्हणाली. "आपणहून जातात."

गेल्या.