गुठळी विरघळवणारी एन्झाइम : प्रयोगशाळेतल्या बशीपासून आपल्या गोळ्यांच्या डब्यापर्यंत



मध्यंतरी एक काका तपासणीसाठी आले होते. वय ६८. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलेला. तब्येत छान, रोजचं चालणं सुरू. फाइल दाखवून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. अमेरिकेतल्या लेकीने पाठवलेली. बाटलीवर नाव होतं ‘नॅटोकायनेज’, आणि खाली लिहिलं होतं, रक्ताभिसरण व हृदयाच्या आरोग्यासाठी.

“डॉक्टर, हे सोयाबीनपासून काढलेलं आहे, एकदम नैसर्गिक. गुठळ्या विरघळवतं म्हणतात. मग हे सुरू करून तुमच्या त्या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या बंद केल्या तर चालेल का?”

‘नाही’ एवढं उत्तर देऊन मला मोकळं होता आलं असतं. पण नुसतं ‘नाही’ ऐकलं की माणूस गप्प बसतो आणि घरी जाऊन त्याला हवं तेच करतो, हा माझा अनुभव आहे. म्हणून मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ती आज तुम्हालाही सांगतो, कारण अशा बाटल्या आता बऱ्याच घरांत दिसू लागल्या आहेत.

आधी गुठळीबद्दल थोडंसं

बोट कापलं की थोड्या वेळात रक्त थांबतं. रक्तातल्या फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे जाळ्यासारखे विणले जातात, त्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होते. जखम भरत आली की ही गुठळी काढून टाकण्याची सोयही शरीरातच असते. रक्तात प्लास्मिनोजेन नावाचं प्रथिन झोपलेल्या अवस्थेत फिरत असतं. ते जागं झालं की त्याचं प्लास्मिन हे एन्झाइम, म्हणजे विकर, बनतं आणि ते फायब्रिनचे धागे कापून टाकतं.

गुठळी बनणं आणि विरघळणं यांचा तोल सांभाळला गेला की आपण ठीक असतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत नको तेव्हा गुठळी बनली की हार्ट अटॅक येतो. आणि हा तोल उलट्या बाजूला गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ही दुसरी बाजू लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९३३ : परीक्षानळीतली गंमत

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम टिलेट हे डॉक्टर स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा अभ्यास करत होते. घसा बसवणारे, ताप आणणारे हे जंतू. जंतू मिसळलेला रक्तद्रव गोठणार नाही, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो नेहमीसारखा गोठला. अंदाज चुकला म्हणून नळ्या बाजूला राहिल्या. काही वेळाने पुन्हा पाहिलं तर गुठळी विरघळून सगळं पातळ झालेलं! १९३३ मध्ये टिलेट आणि त्यांचे सहकारी गार्नर यांनी हे प्रसिद्ध केलं.

जंतूंमधून निघणाऱ्या या पदार्थाला पुढे ‘स्ट्रेप्टोकायनेज’ हे नाव मिळालं. गंमत म्हणजे तो स्वतः गुठळी कापत नाही. तो आपल्याच रक्तातल्या प्लास्मिनोजेनला चिकटून त्याला कामाला लावतो.

१९४९ मध्ये टिलेट आणि सोल शेरी यांनी तो प्रथम रुग्णांमध्ये वापरला, पण हृदयासाठी नव्हे. फुप्फुसाभोवती साठून घट्ट झालेलं रक्त आणि पू पातळ करून काढता यावा म्हणून त्यांनी तो छातीच्या पोकळीत सोडला. हार्ट अटॅकच्या रुग्णांना शिरेतून देण्याचे पहिले प्रयत्न १९५८ च्या सुमारास झाले. म्हणजे परीक्षानळीपासून हृदयापर्यंत यायलाच पंचवीस वर्षं लागली.

गुठळी कारण की परिणाम?

त्यानंतरही हे औषध सर्रास वापरात आलं नाही. एक कारण रक्तस्रावाची भीती. दुसरं कारण आज ऐकून नवल वाटेल. हृदयातली गुठळी हार्ट अटॅकचं कारण नसून अटॅक आल्यानंतर होणारा परिणाम आहे, असं १९७० च्या दशकात अनेक मोठे डॉक्टर मानत होते. मग ती विरघळवून काय उपयोग?

हा वाद १९८० मध्ये मिटला. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात मार्कस डीवुड यांनी हार्ट अटॅक आल्यानंतर पहिल्या काही तासांतच रुग्णांची अँजिओग्राफी केली. त्या काळी हे धाडसच होतं. पहिल्या चार तासांत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांची रक्तवाहिनी पूर्ण बंद आढळली. गुठळी हीच गुन्हेगार होती.

आता खरा प्रश्न उरला : गुठळी विरघळवली तर माणसं वाचतात का?

१९८६ मध्ये इटलीतल्या ‘जिस्सी’ या चाचणीने उत्तर दिलं. सुमारे ११,७०० रुग्णांपैकी निम्म्यांना स्ट्रेप्टोकायनेज दिलं होतं. २१ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आलं. ज्यांना दुखणं सुरू झाल्यापासून तासाभरात औषध मिळालं, त्यांच्यात मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. सहा तासांनंतर आलेल्यांना मात्र फारसा फायदा दिसला नाही.

१९८८ मध्ये ‘आयसिस-२’ या चाचणीत ४१७ रुग्णालयांतले १७,१८७ रुग्ण होते. ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांच्यात पाच आठवड्यांत १३.२ टक्के रुग्ण हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले. स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. शंभरामागे पाच जीव वाचले! औषध मिळालेल्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाच्या काही घटना जास्त झाल्या, त्याही मोजून छापल्या गेल्या. फायदा आणि तोटा दोन्ही उघडपणे मांडलेले.

हे औषध आपल्याकडेही आलं. चंदीगडच्या इमटेक या सरकारी संस्थेने स्ट्रेप्टोकायनेज बनवण्याचं देशी तंत्र विकसित केलं. आज अँजिओप्लास्टी आणि टेनेक्टेप्लेजसारखी नवी इंजेक्शनं आली आहेत, पण त्यांचा रस्ता या जुन्या औषधाने तयार केला.

तीन पायऱ्या

ही गोष्ट मी एवढ्या तपशिलात का सांगितली? कारण तिच्यात तीन पायऱ्या दिसतात.

पहिली : काचेच्या नळीत किंवा बशीत गुठळी विरघळते का?
दुसरी : माणसाच्या शरीरात गेल्यावर काही परिणाम दिसतो का?
तिसरी : त्यामुळे माणसं वाचतात का, अटॅक टळतात का?

स्ट्रेप्टोकायनेजला पहिल्या पायरीवरून तिसरीवर पोहोचायला १९३३ ते १९८८ अशी ५५ वर्षं लागली. आता काकांच्या बाटलीकडे वळू.

नाट्टोची गोष्ट

नाट्टो हा जपानी पदार्थ. उकडलेलं सोयाबीन एका विशिष्ट जिवाणूने आंबवायचं. पूर्वी ते भाताच्या पेंढ्यात गुंडाळून ठेवत, कारण हा जिवाणू पेंढ्यावर आपसूक असतो. तयार पदार्थ चिकट, तार सुटणारा आणि उग्र वासाचा असतो. आपल्या ईशान्य भारतातही सोयाबीन आंबवून असेच पदार्थ करतात.

हिरोयुकी सुमी हे जपानी संशोधक १९८० मध्ये शिकागोत गुठळ्यांवर काम करत होते. त्यांनी बशीतल्या फायब्रिनवर नाट्टोचा थोडा अंश ठेवून पाहिला आणि त्याच्याभोवतीचं फायब्रिन विरघळलं, अशी गोष्ट सांगितली जाते. १९८७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह या एन्झाइमवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि त्याला ‘नॅटोकायनेज’ हे नाव दिलं. टिलेट यांच्या नळीइतकंच हे संशोधन खरं आणि सुंदर आहे. पहिली पायरी पार.

दुसरी पायरी अवघड. एन्झाइम हे प्रथिन असतं आणि आपलं पोट प्रथिनं पचवण्यासाठीच बनलेलं आहे. म्हणून तर स्ट्रेप्टोकायनेज शिरेतून द्यावं लागतं. तरीही नॅटोकायनेजचा काही अंश रक्तात पोहोचत असावा असं दिसतं. २०१५ च्या एका जपानी अभ्यासात १२ निरोगी पुरुषांना एक मात्रा दिल्यावर गुठळी विरघळण्याशी संबंधित काही तपासण्यांत थोडा फरक दिसला. २००८ च्या एका कोरियन अभ्यासात ८६ जणांना आठ आठवडे दिल्यावर वरचा रक्तदाब बनावट गोळीपेक्षा सरासरी साडेपाच अंकांनी जास्त उतरला. फरक आहे, पण अभ्यास छोटे.

जपानच्या ताकायामा शहरातल्या सुमारे २९ हजार लोकांचा १६ वर्षं मागोवा घेतला तेव्हा जास्त नाट्टो खाणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू कमी आढळले. पण तो पदार्थ खाणाऱ्यांचा अभ्यास होता, कॅप्सूल घेणाऱ्यांचा नव्हे. शिवाय नाट्टो खाणारे लोक इतर बाबतींतही वेगळं जगत असतील, हेही आहेच.

मग २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. २६५ निरोगी व्यक्ती, निम्म्यांना रोज २००० एककं नॅटोकायनेज, निम्म्यांना तशीच दिसणारी बनावट गोळी, सुमारे तीन वर्षं. मानेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली. रक्तवाहिन्यांच्या कडकपणातही फरक पडला नाही.

आणि तिसरी पायरी? नॅटोकायनेजमुळे हार्ट अटॅक किंवा मृत्यू कमी होतात असं दाखवणारी एकही मोठी चाचणी आजवर झालेली नाही.

बाटलीवरच्या ‘२००० एफयू’ या आकड्याबद्दलही सांगतो. हे फायब्रिन विरघळवण्याचं एकक आहे आणि ते मोजलं जातं प्रयोगशाळेत. तुमच्या रक्तात काय घडेल याचं ते माप नाही.

ब्लॉकेज म्हणजे गुठळी नव्हे

‘गुठळी विरघळते, म्हणजे ब्लॉकेजही विरघळेल,’ हा गैरसमज फार पसरला आहे. ब्लॉकेज म्हणजे नळाच्या आत बसलेला गाळ नव्हे. रंगाच्या थराखाली भिंतीला पोपडा फुगून यावा, तसं ते रक्तवाहिनीच्या अस्तराच्या आत असतं. त्यात कोलेस्टेरॉल, पेशी, तंतू आणि कॅल्शियम असतं. फायब्रिन कापणारी कात्री तिथे फारसं काही करू शकत नाही. तो पोपडा फुटून त्यावर गुठळी बनते तेव्हा अटॅक येतो. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी पोपड्यासाठी आणि रक्त पातळ करणारी गोळी गुठळी बनू नये यासाठी असते. दोघींची कामं वेगळी.

रेशीमकिड्याचा धडा

दात काढल्यावर सूज उतरायला मिळणारी सेराशिओपेप्टिडेज ही गोळी तुमच्यापैकी अनेकांनी घेतली असेल. हे एन्झाइम जपानमध्ये रेशीमकिड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळालं. त्याच्याही नावाने ‘रक्तवाहिन्या साफ होतात’ असे दावे केले जातात. जपानमध्ये ते टाकेडा कंपनी चाळीसहून अधिक वर्षं विकत होती. नंतर बनावट गोळीशी तुलना केली तेव्हा फरक दिसला नाही आणि २०११ मध्ये कंपनीने ते स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. वर्षानुवर्षं वापरात असणं म्हणजे उपयोग सिद्ध होणं नव्हे.

मग घेतल्याने बिघडतं काय?

दोन धोके आहेत.

पहिला : खरं औषध सोडून हे घेणं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याच्या हृदयात धातूची कृत्रिम झडप होती. त्याने वॉरफरिन बंद करून वर्षभर नॅटोकायनेज घेतलं. झडपेवर गुठळी झाली आणि पुन्हा ऑपरेशन करून झडप बदलावी लागली.

दुसरा : औषधांच्या जोडीने हे घेणं. २००८ मध्ये तैवानमधून ॲस्पिरिन आणि नॅटोकायनेज एकत्र घेणाऱ्या एका रुग्णाला मेंदूत रक्तस्राव झाल्याची नोंद आली. सुरुवातीला सांगितलेली तोलाची दुसरी बाजू ती हीच. एकेका रुग्णाच्या नोंदीवरून प्रमाण ठरत नाही हे खरं, पण सावध व्हायला त्या पुरेशा आहेत.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशी पूरकं विकण्याआधी त्यांचा उपयोग सिद्ध करावा लागत नाही. म्हणून बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. हे उत्पादन कोणताही आजार बरा करण्यासाठी नाही, असं तिथे कंपनीनेच लिहिलेलं असतं.

तुम्ही काय करावं?

• स्टेंट, कृत्रिम झडप, अनियमित ठोके किंवा पक्षाघात यांसाठी चालू असलेली गोळी स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. नव्या स्टेंटच्या जाळीवर आतलं अस्तर नीट येईपर्यंत गुठळीचा धोका असतो. गोळ्या किती महिने घ्यायच्या हे तुमचे हृदयतज्ज्ञ ठरवतील.
• कुठलंही पूरक घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ऑपरेशन किंवा दात काढण्यापूर्वी तर नक्कीच.
• वॉरफरिन किंवा तत्सम गोळी चालू असेल तर नाट्टो हा पदार्थही विचारल्याशिवाय खाऊ नका. त्यात व्हिटॅमिन ‘के’ भरपूर असतं आणि ते गोळीचा परिणाम कमी करतं.
• छातीत दुखणं, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर कॅप्सूल शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. ‘जिस्सी’ने शिकवलेला धडा आजही तोच आहे : पहिला तास सगळ्यात मोलाचा.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “म्हणजे आमच्या गोळ्या तिसरी पायरी चढून आल्यात?”

“हो काका. हजारो रुग्णांच्या भरवशावर.”

त्यांनी बाटली पुन्हा पिशवीत ठेवली आणि त्याच संध्याकाळी लेकीला फोन करून हे सगळं सांगतो म्हणाले. तुमच्याही घरी अशी बाटली आली असेल, तर पाठवणाऱ्याच्या मायेबद्दल शंका घेऊ नका. फक्त ती उघडण्याआधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.