दुसऱ्या वर्षाला पुणे-नागपूरच्या विद्यापीठात जायचंय? टीसी काढण्याआधी हे वाचा

अमरावती / अकोला : बारावी झाली, घराजवळच्या कॉलेजात बीए, बीकॉम नाहीतर बीएस्सीला नाव घातलं, पहिलं वर्ष निघालं. आता पोरगं म्हणते, पुढचं शिक्षण पुण्याला नाहीतर नागपूरले करायचं. दरवर्षी निकाल लागला की हा विषय बऱ्याच कास्तकारांच्या घरात निघतो. विद्यापीठ बदलता येतं, पण कागद मागं-पुढं झाले तर लेकराचं एक वर्ष आणि सोयाबीनचा पैसा दोन्ही जातात. म्हणून सगळी माहिती क्रमानं पाहू.

आपलं विद्यापीठ कोणतं, दुसरं कोणतं?

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं, त्याच्याकडे आता नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे जिल्हे आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९४९ चं, त्याच्याकडे पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर.

हे सांगायचं कारण असं की, कॉलेज बदलणं आणि विद्यापीठ बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्यापूरच्या कॉलेजातून अकोल्याच्या कॉलेजात गेलं तर विद्यापीठ तेच राहते. तिथं साधारण दोन्ही प्राचार्यांची ना हरकत आणि विद्यापीठाची परवानगी एवढ्यावर काम होते. अकोल्यातून वर्ध्याला गेलं तर मात्र विद्यापीठ बदलते. अंतर जास्त नाही, पण कागद वाढतात.

कोणते कागद लागतात?

१) टीसी : जुन्या कॉलेजातून मिळते. ती काढली म्हणजे त्या कॉलेजातलं नाव कमी झालं.

२) मायग्रेशन, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र : हे कॉलेज देत नाही, जुनं विद्यापीठ देते. अमरावती विद्यापीठाकडे अर्ज आणि फी भरून ते काढावं लागते.

३) एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रता : ही नवीन विद्यापीठाकडून. तुमचं आधीचं शिक्षण आमच्याकडे चालते, असं ते लिहून देतात. नवीन कॉलेजमार्फत अर्ज जातो. पात्रता पक्की झाली नाही तोवर प्रवेश तात्पुरताच समजा.

४) दहावी, बारावी आणि पहिल्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका.

५) शिकलेल्या विषयांचा अभ्यासक्रम, कॉलेजचा सही-शिक्का मारलेला. बरेच जण हाच कागद विसरतात. विषय जुळतात की नाही, हे नवीन विद्यापीठ यावरूनच पाहते.

६) जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, ज्याला जे लागू असेल ते.

सगळ्या कागदांवर नाव सारखं पाहिजे. आधारवर एक स्पेलिंग आणि बारावीच्या मार्कशीटवर दुसरं असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

क्रेडिटचा हिशेब समजून घ्या

नवीन शैक्षणिक धोरणात विषय पास केला की क्रेडिट जमा होतात. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांच्या पदवीला हे २०२४-२५ पासून लागू झालं. एका वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीचे १२० ते १३२. हे क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ मध्ये जमा होतात. त्यासाठी डिजिलॉकरमधून १२ अंकी एबीसी आयडी काढता येतो. मोबाईलवर होते, पैसे लागत नाहीत.

क्रेडिट बँकेचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये काढले. त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या. एक, जमा क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात. दुसरी, जे विद्यापीठ किंवा संस्था पदवी देणार, तिथून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवलेले पाहिजेत.

आता हिशेब करा. पदवी १३२ क्रेडिटची धरली तर नवीन ठिकाणी किमान ६६ पाहिजेत. पहिल्या वर्षानंतर गेलं तर ८८ क्रेडिट तिथं होतात, अडचण नाही. दोन वर्षं इथं काढून तिसऱ्या वर्षाला गेलं तर तिथं फक्त ४४ होतात. ते निम्म्यापेक्षा कमी पडतात. म्हणून जायचंच असेल तर पहिलं वर्ष संपताच जा, तिसऱ्या वर्षाची वाट पाहू नका.

एटीकेटी लागलेली असेल तर काम आणखी अवघड होते. आधी राहिलेले विषय काढा, मग अर्जाचं बोला.

सगळ्यात मोठी चूक : आधी टीसी

समजा, मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका पोरीनं निकालानंतर लगेच टीसी काढली. पुण्याच्या कॉलेजात गेली तर दुसऱ्या वर्षाला जागाच नाही. परत आली तोवर इथल्या प्रवेशाची तारीख निघून गेलेली. वर्ष गेलं ना!

म्हणून क्रम असा ठेवा. आधी नवीन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला जागा आहे का, हे विचारा. विषय जुळतात का, ते दाखवून घ्या. प्रवेश देतो असं लेखी घ्या. त्यानंतरच टीसी आणि मायग्रेशन काढा. फोनवर कोणी ‘या, होऊन जाईल’ म्हटलं तर त्याच्या भरवशावर इथलं नाव कमी करू नका. आणि एजंटाला पैसे देऊन मायग्रेशन काढायची काहीच गरज नाही, विद्यार्थी स्वतः अर्ज करू शकतो.

शिष्यवृत्तीचं काय?

महाडीबीटीवरून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्यांनी नीट लक्ष द्यावं. शासनाची पूर्वपरवानगी न घेता विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते, असा या योजनेचा नियम आहे. त्यामुळे जाण्याआधी जुन्या कॉलेजातल्या शिष्यवृत्ती विभागाच्या बाबूंना आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा. आदिवासी विद्यार्थ्यांनी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारावं. जुन्या कॉलेजचा अर्ज पोर्टलवर अडकून राहिला नाही ना, हेही पाहून घ्या.

शहरात राहण्याचा खर्च मोठा असतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. उत्पन्नाची अट अडीच लाखांची आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पैसा उशिरा हातात येतो, म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय घरून करून ठेवा.

भरलेली फी परत मिळते का?

प्रवेश रद्द केला तर किती फी परत द्यायची, हे अनुदान आयोगानं २०१८ मध्ये ठरवून दिलं आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर पूर्ण फी परत, फक्त प्रक्रिया शुल्क कापतात. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के. तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. ३० दिवसांनंतर काहीच नाही. त्याच आदेशात असंही आहे की, मूळ कागद तपासून परत द्यायचे, कॉलेजनं ते अडकवून ठेवायचे नाहीत.

हे नियम सगळ्यांना लागू नाहीत

एमबीबीएसला कॉलेज बदलणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी बंद केलं होतं. इंजिनिअरिंगला तंत्रशिक्षण संचालनालयाचे वेगळे नियम आहेत. बीएस्सी कृषीचं शिक्षण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे येते. ते १९६९ चं स्वतंत्र विद्यापीठ आहे, अमरावती विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही. तिथली चौकशी तिथंच करावी लागते.

बदलणं जरुरीचं आहे का?

घरी बसून हा विचार एकदा नक्की करा. पाहिजे तो विषय इथं नसेल, किंवा घरच शहरात हलत असेल, तर बदलण्यात अर्थ आहे. फक्त मोठ्या विद्यापीठाचं नाव पाहिजे असेल तर दुसरा रस्ता सोपा आहे. पदवी इथंच चांगल्या मार्कांनी पूर्ण करायची आणि एमए, एमएस्सी, एमकॉमला पुणे-नागपूरच्या विद्यापीठात अर्ज करायचा. तेव्हाही टीसी, मायग्रेशन आणि पात्रता लागतेच, पण क्रेडिट जुळवायची कटकट नाही, दोन वर्षांचा राहण्याचा खर्च वाचतो आणि पदवी हातात असते.

तरीही जायचं ठरलंच तर निकालाच्या आधीच चौकशी सुरू करा. सगळ्या कागदांच्या चार-चार झेरॉक्स काढा, मूळ कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये ठेवा, आणि जिथं अर्ज द्याल तिथून तारखेची पोच घ्या. नियम आणि तारखा दरवर्षी बदलतात, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या-त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं चालू वर्षाचं परिपत्रक पाहायला विसरू नका.