कडा झडल्या तरी अक्षर राहावे
समर्थ रामदासांच्या दासबोध या ग्रंथातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला वाहिलेला असून, अक्षर वाटोळे व सुटे असावे, ओळी सारख्या असाव्यात आणि मजकुराभोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, असे त्यात सांगितले आहे. ही काळजी अगदी रास्त होती, कारण त्या काळी ग्रंथ जवळ हवा असेल, तर तो अखंड उतरवून बाडात, म्हणजे हस्तलिखित वहीत, जपावा लागे.

1999 मध्ये आरएसएस, म्हणजे संकेतस्थळावरील नव्या लेखांची आपोआप अद्ययावत होणारी यादी, अवतरली, तेव्हा मजकूर जवळ जपण्याचा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. कारण पुष्कळ याद्यांत शीर्षक आणि चार ओळीच असतात, आणि इंटरनेट गेले की वाचन तिथेच थांबते. म्हणून मूळ पानावरून पूर्ण लेख उतरवून यंत्रातच साठवणारा फीड-वाचक, म्हणजे अशा याद्या वाचण्याचे साधन, निवडणेच योग्य. केवळ ऑनलाइन सेवेवर विसंबणे पुरेसे नाही: गूगल रीडर ही अशा याद्या वाचण्याची लोकप्रिय सेवा 1 जुलै 2013 रोजी बंद झाली, आणि आपली माहिती उतरवून घेण्यास वाचकांना 15 जुलैपर्यंतचाच अवधी मिळाला.