ऑपरेशन्स मॅनेजर (रायगड किनारा)

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील बंदरे, कंटेनर फ्रेट स्टेशने (सीएफएस), गोदामे, वाहतूक कंपन्या आणि कारखान्यांच्या जेट्टी येथे मालाची ये-जा वेळेवर व विनाअडथळा होईल, हे पाहणारा अधिकारी. या कामाचे केंद्र उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे आहे. तेथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. २०२४-२५ मध्ये वीस फुटी कंटेनरच्या मापाने सुमारे ७३ लाख कंटेनर तेथून हाताळले गेले. दक्षिणेकडे धरमतर, साळाव आणि राजपुरी खाडीवरील दिघी येथेही हेच काम चालते, पण माल वेगळा आणि घाईही वेगळी.

आज या पदाला जे वजन आहे, ते खाजगी टर्मिनल आल्यापासूनचे. १९९९ मध्ये न्हावा-शेवा इंटरनॅशनल कंटेनर टर्मिनल हे देशातले पहिले खाजगी कंटेनर टर्मिनल येथे कामाला लागले. पुढे आणखी टर्मिनल आली आणि एकाच खाडीकाठी कंपन्यांमध्ये चुरस सुरू झाली. क्रेनने तासाला किती डबे (कंटेनर) उचलले आणि ट्रेलर गेटच्या आत किती वेळ राहिला, यांवर मॅनेजरचे काम जोखले जाऊ लागले.

निर्यातीतली सगळी धावपळ ‘कट-ऑफ’भोवती, म्हणजे जहाजासाठी डबा स्वीकारण्याच्या शेवटच्या वेळेभोवती फिरते. ही वेळ टळली की डबा त्या जहाजावर चढत नाही. जानेवारी ते एप्रिल हा नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम. शीतगृहात थंड केलेली द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास ठेवलेल्या रीफर कंटेनरमध्ये भरतात. ट्रेलरवरचा जनरेटर वाटेत यंत्र चालू ठेवतो. कसारा घाटात वाहतूक तुंबली की पहाटे दोनला मॅनेजरचा फोन वाजतो. मग ड्रायव्हर नेमका कुठे आहे, बंदराच्या गेटमधून आत जाण्यासाठीचा फॉर्म १३ निघाला का, कस्टम्सची परवानगी आली का, सीलचा क्रमांक कागदाशी जुळतो का, यार्डात रीफरसाठी वीजजोडणी मोकळी आहे का, हे त्याला एकामागून एक विचारून घ्यावे लागते. जहाज चुकले तर पुढचे बहुधा आठवड्याने, आणि द्राक्षाच्या टिकाऊपणातला एक आठवडा म्हणजे बागाईतदाराची पट्टी. आयातीत टांगती तलवार पैशाची असते: डबा वेळेत रिकामा परत गेला नाही की शिपिंग लाइनचे डिटेन्शन (विलंब शुल्क) आणि सीएफएसचे भाडे दिवसागणिक चढते.

धरमतरला घड्याळ समुद्राच्या हाती आहे. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्ज आणि छोट्या जहाजांतून अंबा नदीच्या खाडीने आत येतो, तो भरतीचे पाणी पाहून. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, त्यामुळे ठरावीक वेळेची पाळी येथे पुरत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. तक्ते आता संगणकावर असतात, पण त्यांतल्या चुका पकडायला हा हिशेब अजून उपयोगी पडतो.

या पेशाची खरी परीक्षा काम बंद पडलेल्या दिवसांनी घेतली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे धडकली, कंटेनर समुद्रात पडले आणि तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत आले. जलमार्ग एकच असल्याने मुंबई आणि न्हावा-शेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस ठप्प झाली. जून २०१७ मध्ये मर्स्क समूहावरील सायबर हल्ल्याने त्याच समूहाच्या येथील गेटवे टर्मिनल्स इंडियाचे संगणक बंद पाडले. यार्डात हजारो डबे रचलेले असताना कुठला डबा कुठे आहे, हे सांगणारी यंत्रणाच नाही, याहून मोठे संकट या कामात क्वचितच येते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत बंदर चालू होते, मात्र ड्रायव्हर गावी निघून गेले आणि यार्डे भरत गेली. क्रेन, बर्थ, संगणक सगळे शाबूत असूनही माल हलेना.

ड्रायव्हर आणि माथाडी कामगार यांच्यावरच या व्यवस्थेचा भार आहे, हे त्या महिन्यांत उघड झाले. पगाराच्या आणि सोयींच्या यादीत मात्र ते आजही शेवटीच येतात. करळ फाट्यावरच्या रांगेत रात्र काढणाऱ्याला पाणी आणि शौचालय मिळणे ही ऑपरेशन्सचीच बाब मानायला हवी. बंदराने ट्रेलरसाठी केंद्रीय पार्किंग उभारले, त्याने रस्त्यावरची गर्दी कमी व्हायला मदत झाली.

स्थानिकांचे नाते या कामाशी जमिनीतून जोडलेले आहे. नवी मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. उरण-पनवेलमधल्या जमिनी गेलेल्या गावांतली अनेक मुले सर्व्हेअर किंवा यार्ड सुपरवायझर म्हणून लागतात. त्यांतली काही मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत पोहोचतात. गेटवर तंटा झाला तर गावातल्या कोणाशी बोलायचे, हे त्यांना ठाऊक असते, आणि पाळीतले निम्मे काम त्यावरच अडलेले असते.