तवंदी : एका डोंगराच्या नावाची गोष्ट

बेळगावहून कोल्हापूरला जाताना संकेश्वर मागे पडले की तवंदीचा घाट लागतो आणि घाट उतरला की निपाणी. अंबाबाईच्या दर्शनाला जाणारे आम्ही गोवेकर हा घाट कितीदा ओलांडतो, पण त्या डोंगराचे नाव असे का, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते. एकदा मात्र पाटीवर 'स्तवनिधी' वाचले आणि कंडक्टरच्या तोंडून 'तवंदी' ऐकले, तेव्हा कुतूहल जागे झाले.

स्तवनिधी हे दिगंबर जैनांचे जुने तीर्थ. पार्श्वनाथ आणि ब्रह्मदेव ही इथली दैवते. हा ब्रह्मदेव म्हणजे चार तोंडांचा सृष्टिकर्ता नव्हे, तर जैनांचा क्षेत्रपाल. आचार्य शांतिसागर महाराजांचे भोज हे गावही निपाणी भागातलेच. आमच्या बांदिवड्याची पडकी नेमिनाथ बस्ती आठवली, की हा सगळा मुलूख जैनांना किती जवळचा होता ते कळते.

स्तवनिधी म्हणजे स्तवनांचा ठेवा, आणि त्याचाच अपभ्रंश तवंदी, असे मी धरून चाललो होतो. पण संस्कृत 'स्त'चा मराठीत बहुधा 'थ' होतो. 'स्तोक'वरून थोडे, 'स्तन'वरून थान. मग इथे 'थवंदी' का नाही?

उत्तर कन्नडमध्ये सापडले. जुन्या कन्नडमध्ये 'तवु' म्हणजे झिजणे, सरणे. 'तवनिधि' म्हणजे कधीही न सरणारा ठेवा, अक्षयनिधी. शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातही तवनंदी नावाचे गाव आहे. तवनिधि, तवन्धि, तवंदी अशी जीभ वळत गेली असावी आणि 'स्तवनिधी' हे मागाहून चढवलेले संस्कृत रूप असावे, असे मला वाटते.

खरे सांगतो, थोडा हिरमुसलो. मला ते नाव मराठी ठरायला हवे होते. 1967 साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचवले होते, तरी ती कर्नाटकातच राहिली. 2004 पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. 2014 साली बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले. अशा ठिकाणी प्रत्येक नाव पुरावा म्हणून पुढे केले जाते.

पण मी कारकून माणूस. केपेचे 'केपें' आणि सांखळीचे 'सांकेलीं' करणारी पोर्तुगीज स्पेलिंगे फायलींत रोज बघतो. म्हणून काही ती गावे लिस्बनची होत नाहीत. तवंदी हा शब्द मुळात कन्नड असेल, पण मराठी माणसाने तो पिढ्यानपिढ्या तोंडात घोळवून आपल्या वळणाचा केला. त्याचा मालक कोण, हे त्या डोंगराला विचारून काय उपयोग?

पुढच्या वेळी घाटातून जाल तेव्हा खिडकीतून जरा वर बघा.