कप्तानपद आणि खांद्यावरची मिरवणूक

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आपल्याच ठाणे जिल्ह्यात, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर, भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या रात्रीचा जल्लोष आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल, काहींनी केलाही असेल. मला त्यातली एकच गोष्ट येथे सांगावयाची आहे. सामना संपल्यावर कर्णधार हरमनप्रीत कौर हिने आपले शिक्षक अमोल मुझुमदार यांच्या पायांना हात लावला. हे गृहस्थ शारदाश्रम शाळेचे, आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले. १९८८ साली तेंडुलकर आणि कांबळी यांनी शालेय सामन्यात ६६४ धावांची भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. पुढे रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी २६० धावा काढल्या, प्रथम दर्जाच्या सामन्यांत एकंदर ११ हजारांवर धावा केल्या, पण भारताची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. ज्याला संघात घेतले नाही, त्याच्याच हातून विश्वविजयी संघ घडला, आणि लोकांनी त्याचा जयजयकार केला.

श्रोतेहो, जयजयकार हा मोठा विचित्र पदार्थ आहे. माझा जन्म मोर्चे काढण्यात गेला. माणसे एकत्र जमली म्हणजे त्यांच्यात काय संचारते, हे मी जवळून पाहिले आहे. माणसे जमविण्यापेक्षा त्यांना सुखरूप घरी पाठविणे अवघड असते, हे आम्ही युनियनवाले पहिल्या मोर्च्यात शिकतो. बंगळूरला ४ जून २०२५ रोजी विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत ११ जीव गेले. तेथे हा धडा कोणी गिरविलेला दिसला नाही. परंतु आज विषय गर्दीचा नाही. लोक ज्याला खांद्यावर घेतात, त्याला खांद्यावरून उतरल्यानंतर आपल्या पंक्तीला बसवितात काय, हा माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे, पुण्याला जावे लागेल.

बाळू पालवणकर हे त्या गोष्टीचे नायक. जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातला. वडील लष्करी खात्यात चाकरीला. त्या वेळची वर्तमानपत्रे त्यांना नुसते ‘बाळू’ म्हणत आणि गोरे साहेबही एकेरीच हाक मारीत. मी मात्र त्यांच्याविषयी आदरार्थीच बोलणार आहे. एकेरी पुष्कळांनी बोलून झाले आहे. गोऱ्या शिपायांनी टाकून दिलेल्या चेंडूफळीवर ते आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्लबात, खेळपट्टी झाडण्याची आणि रोलर ओढण्याची. पगार महिना ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. तेथे जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, हे काम. फावल्या वेळी साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करू लागले. डावखुरी, संथ, पण चेंडू कोठे टाकावा आणि किती वळवावा याचे अचूक ज्ञान असलेली.

ग्रेग नावाचा मोठा फलंदाज तेथे होता. बाळूंनी आपल्याला बाद केले की दर खेपेस तो आठ आणे देई, अशी हकीकत सांगतात. आठवड्यातून एकदा जरी साहेब बाद झाला, तरी महिन्याला २ रुपये, म्हणजे पगाराच्या निम्मे! आमच्या भाषेत याला उत्पादन-बोनस म्हणतात. पण या व्यवहारातला खरा मुद्दा निराळाच आहे. तासन् तास गोलंदाजी करणाऱ्या या माणसाच्या हातात त्या क्लबात एकदाही बॅट देण्यात आली नाही. गोलंदाजी ही मजुरी आणि फलंदाजी ही मालकी, अशी सरळ वाटणी. बाळू पुढेही फलंदाज म्हणून साधारणच राहिले. त्याचे कारण अंगच्या गुणात शोधण्याआधी या जाळीत शोधावे.

पुण्याच्या हिंदू क्लबापुढे मोठा पेच पडला. गोऱ्यांना हरवावे ही ईर्षा तर होती, आणि हरवू शकेल असा गोलंदाज नेमका अस्पृश्य. अखेर ईर्षेने सोवळ्यावर मात केली, पण केवळ मैदानापुरती. मैदानावर सगळे त्याच एका चेंडूला हात लावीत. चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, पिऊन फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. तोंड धुवावयाचे झाल्यास त्यांच्याच समाजाचा एखादा नोकर कोपऱ्यात नेऊन वरून पाणी घालणार. ज्या हाताने बळी मिळवून दिले, त्याच हाताचा विटाळ! आणि हे करणारी माणसे दुष्ट नव्हती, शिकलेली होती, बाळूंच्या गोलंदाजीवर खूष होती. हेच मला जास्त बोचते. दुष्टांशी भांडता तरी येते.

पुण्याच्या हिंदूंनी सातारच्या गोऱ्यांच्या जिमखान्याला हरविले, ते बाळूंच्या गोलंदाजीच्या जोरावर. गोष्ट शहरभर झाली. जाहीर सत्कार झाला, आणि त्या प्रसंगी न्यायमूर्ती रानडे यांनी खेळाडूंना स्पष्ट सांगितले की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाणेपिणेही केले पाहिजे. टिळकांनीही बाळूंचा गौरव केला. आज आपण ज्या जातीच्या व्याख्यानमालेत बसलो आहोत, तिचे मूळ पुण्यात १८७५ साली घालणारे रानडे ते हेच. त्यांचे शब्द नेहमी मवाळ असत असे म्हणतात. येथे मात्र त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. हार घालणे सोपे आहे. त्याला पैसा लागत नाही आणि जातही जात नाही. चहाचा कप पुढे करणे अवघड.

पुढे प्लेगच्या दिवसांत हे कुटुंब मुंबईस आले. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली आणि ते रेल्वेच्या संघातूनही खेळले. कल्याणच्या श्रोत्यांना याचे नवल वाटू नये. चेंडू चांगला टाकतो म्हणून माणसाला कामावर घ्यावयाचे, ही रीत आपल्या पट्ट्यातल्या रेल्वेने आणि कारखान्यांनी पुढे पुष्कळ वर्षे चालविली. वागळे इस्टेटीतल्या कितीतरी पोरांना यंत्रावरचा हात बघून नव्हे, तर कबड्डीतली पकड बघून नोकऱ्या लागल्या. मला त्यात गैर वाटत नाही. गैर वाटते ते एवढेच, की चषक काचेच्या कपाटात राहतो आणि गुडघा दुखावलेला गडी पगारपत्रकावरून उतरतो.

मुंबईस परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले. तेथेही काही गुजराती सभासदांनी कुरकुर केलीच, पण घेतले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू आणि युरोपियन यांचा तो प्रसिद्ध सामना झाला. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. हिंदूंनी १०९ धावांनी सामना जिंकला. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम, दोघेही संघात होते. वंगभंगाच्या चळवळीचा तो काळ. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविले, याचा आनंद देशभर झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या पत्राने मात्र आणखी एक गोष्ट हेरली: जातीची भिंत थोडी बाजूला सारली म्हणूनच हा विजय मिळाला, असे त्याने बजावले. ही खरी संपादकाची नजर. बाकीच्यांना धावफलक दिसला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली. पस्तिशीतल्या बाळूंनी मात्र, खांदा दुखत असताना, त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभाचे मानपत्र लिहिले होते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने, भीमराव आंबेडकरांनी. त्या समाजाला तोवर असा पुरुष क्वचितच मिळाला होता, की ज्याचे नाव साहेबही घेतो आणि भटजीही. आपल्यातला कोणी पुढे गेला, याचा आनंद वेगळाच असतो. त्याला फटाक्यांची गरज नसते.

आता कप्तानपदाकडे येऊ. इतक्या वर्षांच्या सेवेनंतर, सर्वांत अनुभवी खेळाडू म्हणून, हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंकडे यावयास हवे होते. ते आले नाही. १९१३ साली ते पै यांच्याकडे गेले, आणि या सज्जन गृहस्थाने आपल्याच सत्कारसभेत सांगून टाकले की हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता. असे म्हणणारा माणूस थोरच. पण निवड समितीला पाझर फुटला नाही.

१९२० साली गळू फुटले. पै आजारी पडले, तर पहिल्या सामन्याचे कप्तानपद तरुण प्राध्यापक देवधरांना देण्यात आले, आणि बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघातून बाहेर पडले आणि आपण का बाहेर पडलो ते त्यांनी जाहीर पत्रक काढून लोकांना सांगितले. मित्रहो, हा संप होता! मागणी एक, कारण स्पष्ट, नोटीस जाहीर. त्यांच्यापाशी युनियन नव्हती, वकील नव्हता. होते फक्त कौशल्य, आणि ते काढून घेतले तर मालकाचे अडते याची जाणीव. वर्तमानपत्रांतून पत्रे आली, लोकमत हलले. अंतिम सामन्यासाठी तडजोड झाली. पै परतले, बाळू उपकप्तान झाले, भाऊ मैदानात आले, आणि सामना चालू असताना पै काही वेळ बाहेर गेले तेवढा वेळ बाळूंनी संघ चालविला. सारा जन्म घासून पदरात पडले ते एवढे. कोणी म्हणेल, ही अर्धीच भाकरी. वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला ठाऊक असते की अर्धी भाकरी पुढच्या खेपेस पाऊण होते.

तशी ती झाली. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. हा बाळूंचा धाकटा भाऊ, उत्तम फलंदाज. चारही भावांत क्रिकेटची वाट प्रथम पाडली ती थोरल्याने. त्याअर्थी त्यांना विठ्ठलचे शिक्षक म्हणण्यास हरकत नसावी. त्या वर्षी मुंबईत चौरंगी सामन्यांत हिंदूंनी युरोपियनांना हरवून विजेतेपद मिळविले. लोक मैदानात धावले आणि त्यांनी कप्तानाला खांद्यावर उचलून घेतले. त्या खांद्यांत उच्चवर्णीयांचे खांदे होते. ज्याच्या भावाला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यातून चहा दिला होता, त्याच्या अंगाला अंग लावण्यासाठी रेटारेटी चालली होती. विठ्ठलच्या हाताखाली हिंदूंनी पुन्हा १९२५ आणि १९२६ सालीही विजय मिळविला.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे धर्मवार संघ करून खेळण्याची ती पद्धतच मुळात रोगट होती. १९४० साली गांधीजींनी तिच्याविरुद्ध मत दिले आणि १९४६ नंतर ती बंद पडली, हे उत्तम झाले. पालवणकरांचा लढा हिंदू म्हणून बरोबरीने उभे राहण्याचा होता, कारण समोर मैदान तेवढेच होते. कामगारही मालकाने बांधलेल्या गेटावरच सभा घेतो. गेट त्याने बांधलेले नसते.

बाळू पुढे राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले, ते कोणाविरुद्ध, तर एके काळी त्यांचे मानपत्र लिहिणाऱ्या डॉ. आंबेडकरांविरुद्धच. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. काँग्रेसला त्यांचे नाव हवे होते, हे उघड आहे. माझे मत विचाराल तर त्यांनी उभे राहावयास नको होते. पण ११ हजार माणसांनी त्यांना मत दिले, तेव्हा माझ्या मताची मातब्बरी किती? ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

विठ्ठलरावांनी १९४८ साली आपली हकीकत ‘माझे क्रीडा-जीवन’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. क्रिकेटवर ग्रंथ लिहिणारे विद्वान त्याचा आधार घेतात, आणि ते आहे आपल्या मराठीत. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. दोन्ही ठिकाणी ग्रंथपालांना विचारून पाहा. नसेल तर मागवावयास सांगा. डोंबिवलीच्या मंडळींनीही आपापल्या वाचनालयात तशी चिठ्ठी टाकावी.